आजार, एकाकीपण आणि एकांत

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे आपल्या मंडळाचे सचिव मला गेली तीन वर्षे म्हणत आहेत. दरवर्षी मी दोन-चार जाहिराती मिळवून देतो आणि लेखाचे टाळतो. या वेळी ते बँकेत पासबुक भरून घ्यायला आले. माझ्या खुर्चीला लावलेली उशी पाहून त्यांनी विचारले, "काहो भाऊ, कंबरेचं दुखणं अजून गेलं नाही काय?" मी नेहमीप्रमाणे "चालूच आहे" असे म्हणून मोकळा झालो. ते गेल्यावर मात्र मनाला लागून राहिले. कारण हे दुखणे कंबरेचे नाही. मला सिकलसेलचा आजार आहे. तो जन्मापासून आहे आणि मरेपर्यंत राहणार आहे. मंडळातील फार तर चार जणांना हे ठाऊक असेल. एवढी वर्षे एकाच विहारात शेजारी बसून वंदना घेणाऱ्या माणसांपासून मी हे लपवून ठेवले. म्हणून लेख लिहायचाच तर याच विषयावर लिहावा, असे ठरविले. मी डॉक्टर नाही, भिक्खू नाही. बी.ए.ला मराठी वाङ्मय व पाली हे विषय होते, तेवढीच माझी शिदोरी.

प्रथम आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या वस्त्यांमध्ये तो घरोघरी असूनही त्याची माहिती अपुरी आहे. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, चपट्या व लवचीक असतात. अतिशय बारीक रक्तवाहिनीतूनही त्या वाकून पार होतात. सिकलसेलमध्ये या पेशींतील हिमोग्लोबिनची घडण किंचित बदललेली असते. त्याच्या एका साखळीत सहाव्या जागी एका आम्लाऐवजी दुसरेच आम्ल येऊन बसते. चूक एवढीशीच. परंतु प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन आत गोठल्यासारखे होते आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक बनते. सिकल म्हणजे विळा. असे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा सुरू होतात. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही विळ्याची पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त सदैव कमी, डोळे पिवळसर, थोड्या श्रमाने धाप.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले वर्णन छापले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष आढळला आणि १९५८ साली शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा आपला शोध लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंचा समुदाय धम्मदीक्षेसाठी जमला, तेव्हा त्यातील कित्येकांच्या रक्तात हा विळा असणार, आणि त्याचे नाव बहुधा कोणालाच ठाऊक नसणार.

आजार होण्यासाठी आई व वडील दोघांकडून हा दोष यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस केवळ वाहक असतो. त्याला सहसा काहीही होत नाही आणि म्हणूनच त्याला पत्ताही नसतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक असते. विदर्भातील आपल्या समाजात, तसेच गोंड व इतर आदिवासी समाजांत हे प्रमाण मोठे का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. याचे उत्तर मलेरियात आहे. वाहकाला मलेरियाचा जीवघेणा ताप सहसा होत नाही. त्यामुळे मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांत वाहक अधिक जगले आणि दोषही टिकला. यात कुणाचे पाप नाही, करणी नाही, मागच्या जन्माचे देणे तर मुळीच नाही. बौद्ध घरांतूनही "पूर्वकर्म" हा शब्द अजून ऐकू येतो, म्हणून मुद्दाम सांगतो. मोळीय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना नेमके हेच विचारले होते. माणूस जे काही भोगतो ते सारे पूर्वकर्माचे फळ, असे काही लोक म्हणतात, ते खरे काय? तथागतांनी ते मत नाकारले. पित्त, कफ, वात, ऋतूंचा बदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात अशी वेगवेगळी कारणे त्यांनी सांगितली आणि सगळा भार पूर्वकर्मावर टाकणारे लोक डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्याही पलीकडे जातात, असा अभिप्राय दिला. संयुत्तनिकायातील वेदनासंयुत्तात हा संवाद आहे.

माझी मोठी बहीण १९९१ साली वारली. अठरा वर्षांची होती. तिचे हातपाय दुखत, डोळे पिवळे होत. लोक कावीळ म्हणत, काही गठियावात म्हणत. माय रात्र रात्र तिचे पाय तेलाने चोळत असे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढे १९९४ साली माझे रक्त नागपूरला तपासले गेले आणि कागदावर आजाराचे नाव आले, तेव्हा मायने तो कागद डॉक्टरांच्या हातातून घेतला, वाचता येत नसूनही बराच वेळ पाहिला आणि विचारले, "म्हणजे माह्या पोरीलेही हेच होतं काय?" डॉक्टर म्हणाले, "असू शकेल." त्या दिवसापासून मायने माझे पाय चोळताना एकदाही कावीळ हा शब्द उच्चारला नाही.

आता एकाकीपणाकडे येतो. दीर्घ आजारात दुखणे तर असतेच, पण माणसाला खरे पोखरते ते वेगळेपण. ताप आला तर चार माणसे विचारपूस करतात. तोच माणूस वर्षातून पाच वेळा पडला की विचारणारे दोन राहतात, आणि दहा वर्षांनी कोणीच नाही. यात लोकांची फारशी चूक नाही. दुसऱ्याचे दुखणे सतत आठवणीत ठेवणे माणसाला जमत नाही. शिवाय या आजारात बाहेरून काही दिसत नाही. हाड मोडले तर प्लास्टर दिसते, पण रक्तातला विळा कोणाला दिसणार? एकदा मध्यरात्री कळा सुरू झाल्या म्हणून मला एका रुग्णालयात नेले होते. तेथील तरुण डॉक्टरने माझ्याकडे पाहून सोबतच्या परिचारिकेला म्हटले की हा इंजेक्शनच्या सवयीचा दिसतो. मी ऐकले. त्या क्षणी अंगातील कळांपेक्षा ते वाक्य अधिक लागले.

मग माणूस लपवू लागतो. मीही लपविले. लग्नाच्या वेळी लपविले, हे येथे कबूल करतो. माय म्हणाली, "सांगशीन तं कोण देईन पोरगी?" मी गप्प राहिलो. लग्नानंतर आठव्या महिन्यात मला जोराचा झटका आला आणि सौभाग्यवतीला सारे कळले. ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी एवढेच म्हणाली, "तुमच्या बिमारीचा राग नाही. तुम्ही मले विचारलंच नाही, याचा आहे." तिचे रक्त तपासले. ती वाहक नव्हती, हा केवळ योगायोग. त्यामुळे आमची दोन्ही मुले वाहक आहेत, आजारी नाहीत. ती वाहक असती तर काय झाले असते, हा विचार आजही रात्री मनात येतो. दोन्ही मुलांना त्यांचे अहवाल दाखविले आहेत आणि पुढे लग्न जुळविताना ते दोन्ही बाजूंनी मांडायचे, हे त्यांना ठाऊक आहे. कुंडली न पाहणाऱ्या समाजाने रक्ताचा अहवाल पाहायला हरकत नसावी.

लपविल्याने एकाकीपण वाढते, हे उघड आहे. परंतु सर्वांना सांगितल्यानेही ते पूर्ण जात नाही. रात्री दोन वाजता कळ येते तेव्हा घरात सहा माणसे असली तरी ती कळ एकट्याचीच असते. मग या एकटेपणाचे करायचे काय? येथे मला माझ्या पालीच्या जुन्या वह्या उपयोगी पडल्या.

मराठीत विवेक म्हणजे सारासार विचार. पालीत मात्र विवेक या शब्दाचा मुख्य अर्थ अलिप्तता, एकांत असा आहे. प्राचीन ग्रंथांत त्याचे प्रकार सांगितले आहेत. त्यात शरीराने माणसांपासून दूर राहणे हा कायविवेक, आणि मन लोभ-द्वेषादी गर्दीपासून दूर असणे हा चित्तविवेक. एक शब्द दोन भाषांत असा वेगळा वळला, याचे मला विद्यार्थिदशेत नवल वाटले होते. आता वाटते की दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. संयुत्तनिकायातच थेर नावाच्या भिक्खूची कथा आहे. तो नेहमी एकटा राही, भिक्षेला एकटा जाई, एकटा परते, एकटा बसे आणि एकटे राहण्याची थोरवीही सांगे. इतर भिक्खूंनी हे तथागतांच्या कानावर घातले. तथागतांनी त्याला बोलावून विचारले आणि त्याचे एकटेपण खोटे ठरविले नाही. परंतु याहून परिपूर्ण एकांत कोणता, तेही सांगितले. जे होऊन गेले ते सोडून देणे, जे यायचे आहे त्याची ओढ टाकणे आणि आत्ता जे मिळाले आहे त्याची हाव न धरणे, हा तो एकांत. याच निकायात अन्यत्र तृष्णेलाच माणसाची सोबतीण म्हटले आहे. ती बरोबर असेल तर अरण्यात बसलेला माणूसही एकटा नव्हे.

आजारी माणसाला हे लागू कसे होते ते पाहा. अंथरुणावर पडलेल्या माणसाजवळ प्रत्यक्षात कोणी नसते, पण खोलीत गर्दी असते. मागच्या वेळी किती दुखले होते त्याची आठवण, उद्या रजा मंजूर होईल काय याची धास्ती, शेजारचा धडधाकट माणूस पाहून होणारी जळफळ. हे सारे उशाशी बसलेले असतात. यालाच मी एकाकीपण म्हणतो. हे लोक उठून गेले तर जे उरते तो एकांत.

तथागतांनी हे आपल्या देहावर अनुभवलेले होते, हे विसरता कामा नये. आयुष्यातील शेवटचा वर्षावास त्यांनी वैशालीजवळच्या बेलुव गावी केला. भिक्खूंना वैशालीच्या आसपास आपापल्या ओळखीच्या ठिकाणी राहण्यास सांगितले आणि स्वतः आनंदासह तेथे राहिले. त्या काळात त्यांना मरणप्राय दुखणे झाले. त्यांनी ते तक्रार न करता सहन केले. बरे झाल्यावर आनंदाला त्यांनी आपल्या देहाची अवस्था मोडकळीला आलेल्या, पट्ट्यांनी बांधून कसाबसा चालविलेल्या गाड्यासारखी असल्याचे सांगितले. चित्त सर्व बाह्य खुणांतून काढून घेऊन एकाग्र केले की तेवढा वेळ देहाला बरे वाटते, असेही म्हणाले. स्वतःच स्वतःचा आधार होण्याचा प्रसिद्ध उपदेश याच दुखण्यानंतरचा आहे. आपण तो भाषणांतून ऐकतो, पण तो एका आजारातून उठलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाचा उपदेश आहे, हे सांगितले जात नाही. थेरीगाथेतील चित्ता थेरीही अशीच. आजारी, दुबळी, हातात काठी, आणि तरीही ती राजगृहाचा गृध्रकूट चढून गेली.

मात्र याचा अर्थ आजारी माणसाला एकटे टाकावे असा नव्हे. विनयपिटकातील प्रसंग सर्वांना ठाऊक असेल. पोटाच्या विकाराने पडलेला एक भिक्खू आपल्याच घाणीत लोळत होता आणि तो कोणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे पाहात नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि मग संघाला बोलावून जाब विचारला. आई-बाप मागे सोडून आलेल्या तुमची शुश्रूषा तुम्हीच नाही केली तर कोण करणार, असा तो जाब होता. एकांत हा ज्याचा त्याने शोधायचा असतो, पण पाण्याचा तांब्या दुसऱ्यानेच आणून द्यावा लागतो.

परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्याचा उत्तरार्ध या दृष्टीने वाचला तर अंगावर काटा येतो. त्यांच्या जयंतीला आपण विद्वत्ता सांगतो, संघर्ष सांगतो, परंतु त्यांचा मधुमेह, पायांतील नसांची आग, संधिवात, रक्तदाब व अंधुक होत गेलेली दृष्टी यांविषयी फारसे बोलत नाही. राज्यघटनेचा मसुदा तयार होत असताना १९४८ च्या सुरुवातीला त्यांना रात्ररात्र झोप लागत नसे. पायांत कळा असत, इन्सुलिन चालू होते. मुंबईला उपचारासाठी आले असता डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. पुढे २५ व २६ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील दिवस आले. आज घटनेच्या उद्देशिकेची तसबीर प्रत्येक कार्यालयात असते. तिच्यामागील रात्री मात्र कुठल्याच तसबिरीत नाहीत.

सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि दिल्लीत २६, अलिपूर रोड येथे राहावयास गेले. १९५२ च्या निवडणुकीत पराभव झाला. १९५४ साली जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ते बहुतांशी अंथरुणावर होते. मंत्रिपद गेले, प्रकृती गेली, भेटीला येणाऱ्यांची गर्दी ओसरली. कोणीही सामान्य माणूस या अवस्थेत खचला असता. त्यांनी त्या घरात काय केले? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. या ग्रंथाचे काम सुमारे पाच वर्षे, आजारपणाच्या सोबतीने चालले होते. नानकचंद रत्तू कार्यालयातून सुटल्यावर येऊन टंकलेखन करीत. १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य लांबविल्याचे श्रेय पत्नीला व डॉ. मालवणकरांना दिले आहे. ही प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत आली नव्हती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. थोरांच्या आजाराचे वर्णन करताना आपण त्यांना दगडाचे करून टाकतो. बाबासाहेब दगडाचे नव्हते. जुलै १९५६ च्या अखेरीस एके दिवशी ते अतिशय उदास होते आणि आपले कार्य अपुरे राहिल्याच्या दुःखाने त्यांच्या डोळ्यांत अश्रू आले, हे रत्तूंनी लिहून ठेवले आहे. म्हणजे त्या घरात एकाकीपणही होते आणि एकांतही होता. कधी एकाची सरशी होई, कधी दुसऱ्याची. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हातांत दुखणे असलेल्या माणसाने व्हायोलिन का शिकावे? त्यातून समाजाला काही मिळणार नव्हते. ते त्यांचे स्वतःचे होते.

५ डिसेंबर १९५६ ची रात्र सर्वांना माहीत आहे. बुद्धवंदना गुणगुणणे झाले. मग आपल्या ग्रंथाची प्रस्तावना व परिचय, तसेच आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे पलंगाजवळच्या मेजावर ठेवायला सांगून ते रत्तूंना निरोप देते झाले. रात्रीतून त्यावर नजर फिरवायची होती. सकाळी ते उठले नाहीत. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात त्यांच्या वापरातील वस्तू जतन केलेल्या आहेत. विद्यार्थ्यांना तेथे घेऊन जावे. तेथील टंकलेखन यंत्रासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो त्या दिवशी माझा उजवा खुबा दुखत होता, आणि का कोण जाणे, त्या यंत्राकडे पाहताना संकोच वाटला नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांजवळ डॉक्टर पत्नी होती, सचिव होते, ग्रंथ होते. कोळशाच्या खाणीतल्या मजुराने काय करावे? आक्षेप खरा आहे. आपल्याच नदीकाठचे उदाहरण पाहा. "जय भीम" हे अभिवादन रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने गेले, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. विडी कामगारांत राहून, त्यांची संघटना बांधून झिजलेला हा माणूस. क्षयावर उपयोगी पडणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले, म्हणजे औषधाला चार-पाच वर्षे उशीर झाला. कन्हानच्या काठी त्यांच्या समाधीपाशी दर जानेवारीत आपण जमतो. त्यांच्या शेवटच्या महिन्यांविषयी मात्र आपण एकमेकांना काहीच सांगत नाही. औषध, विश्रांती व माणसे यांवाचून एकांताच्या गोष्टी करणे ही क्रूरता होईल, हे मला मान्य आहे. म्हणून आधी औषध. सिकलसेलवर आता हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या घेतल्यास अनेकांचे झटके कमी होतात. फॉलिक ॲसिड आहे, बालकांसाठी लसी व पेनिसिलीन आहे. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू झाले. दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत हा आजार धरला आहे. त्याचे प्रमाणपत्र काढून घेण्यात कमीपणा मानू नये. नागपूरचे संपत रामटेके यांना या आजारासंबंधीच्या कार्यासाठी २०१८ साली पद्मश्री जाहीर झाली. हे काम सरकारच्या आधी आपल्यासारख्या नोकरदार माणसांनी अंगावर घेतले होते, एवढे ध्यानात असावे.

आता माझ्या खोलीविषयी. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मला संसर्ग झाला. सिकलसेल असल्यामुळे धोका अधिक. मला घराच्या मागच्या खोलीत एकोणीस दिवस वेगळे ठेवले. बाहेर रुग्णवाहिकांचे आवाज, फोनवर रोज कुणाच्या ना कुणाच्या निधनाची बातमी. दाराबाहेर ताट ठेवले जाई. पहिले पाच दिवस मी भिंतीकडे पाहून काढले. सहाव्या दिवशी मुलाची एक कोरी वही हाताला लागली. बँकेतल्या माणसाला रेघा ओढल्याशिवाय चैन पडत नाही. मी दोन रकाने पाडले. डावीकडे वेळ, दुखण्याची जागा, किती दुखते, आधी काय खाल्ले-प्याले. उजवीकडे त्या वेळी मनात काय चालले होते.

संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. देहाला लागलेला बाण पहिला. त्याचा शोक करीत, त्याला झिडकारीत माणूस स्वतःला दुसरा बाण मारून घेतो. बी.ए.ला त्यावर मी पाच गुणांचे उत्तर लिहिले होते. वहीत मात्र तो दुसरा बाण मला प्रत्यक्ष दिसला. डावीकडे "डावा गुडघा, मध्यम" आणि उजवीकडे "आता नोकरी जाईल" असे लिहिलेले होते. मध्यम गुडघ्याचा आणि नोकरीचा काय संबंध? हिशेब जुळत नव्हता. दहा दिवसांनंतर उजव्या रकान्यात लिहायला कमी राहू लागले. डाव्या रकान्यातील दुखणे होते तेवढेच होते. ते वहीने कमी केले असे मी म्हणणार नाही.

डाव्या रकान्याने दुसरे एक काम केले. बरा होऊन कामावर गेल्यावरही मी वही चालू ठेवली आणि सात-आठ महिन्यांत एक गोष्ट ध्यानात आली. माझे झटके बहुधा महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर येत. त्या आठवड्यात पेन्शनची गर्दी असते. काउंटर सोडून लघवीला जावे लागू नये म्हणून मी दुपारपर्यंत पाणीच पीत नसे. शरीरातील पाणी कमी झाले की पेशी लवकर वाकड्या होतात, हे डॉक्टरांनी वीस वर्षांपूर्वी सांगितले होते. मी ऐकले होते, पण माझ्याशी जोडले नव्हते. आता टेबलावर दोन लिटरची बाटली असते, आणि उठायचे तेव्हा उठतो. एक पेन्शनर आजोबा एकदा रागावले. त्यांना खरे कारण सांगितले, तर ते म्हणाले, "माह्या नातवालेही तेच आहे बाबू. तो सांगत नाही कोणाले."

तो नातू अकरावीत आहे. आजोबांनी त्याला रविवारी विहारात माझ्याकडे पाठविले. पहिल्या दिवशी तो काहीच बोलला नाही. मी त्याला नकुलपित्याची गोष्ट सांगितली. म्हातारा, सतत आजारी असा तो गृहस्थ तथागतांना भेटायला गेला, तेव्हा देह आजारी असला तरी चित्त आजारी पडू न देण्याचा अभ्यास कर, असे त्याला सांगितले गेले. मुलगा म्हणाला, "सर, पण माझे मित्र क्रिकेट खेळायला जातात तेव्हा चित्तच आजारी पडते." मला हसू आले आणि त्यालाही. नकुलपित्याला क्रिकेट नव्हते, हे मला मान्य करावे लागले. आता तो धावा मोजण्याचे काम करतो. त्याच्या वहीत त्याने तिसरा रकाना पाडला आहे आणि तो मला दाखवीत नाही. दाखवू नकोस, असे मीही त्याला सांगितले आहे.

विहाराच्या वाचनालयाची खोली सायंकाळी सहा ते आठ उघडी असते. रविवारी मी तेथे बसतो. ज्यांच्या घरी हा किंवा दुसरा कोणताही लांबचा आजार आहे, त्यांनी यावे. बोलायचे नसेल तर वाचत बसावे. रक्ताची तपासणी मात्र सरकारी आरोग्य केंद्रातच करून घ्यावी लागेल, आणि लग्नाच्या वयाची मुले-मुली असतील तर ती लवकर घ्यावी. सचिवांनी हा लेख छापला तर त्यांना कंबरेचे उत्तर मिळेलच.